मिठाच्या कणाचा तीनशेवा भाग

मिठाचा एक कण चिमटीत धरा. त्याचं वजन साधारण ६० मायक्रोग्रॅम. असे सोळा-सतरा हजार कण जमवले की एक ग्रॅम मीठ होतं. आता त्या एका कणाचे तीनशे तुकडे करा आणि त्यातला एकच ठेवा. आपल्या अंगातल्या पाच लिटर रक्तात कुठल्याही क्षणी जेवढे हायड्रोजन आयन सुटे फिरत असतात, म्हणजे जेवढं मोकळं आम्ल असतं, त्या सगळ्याचं वजन या एका तुकड्याएवढं भरतं. ०.२ मायक्रोग्रॅम.

हा तुकडा चौपट झाला तर माणूस वाचणं अवघड. चौपट म्हणजे तरी किती? मिठाच्या त्याच कणाचा पंचाहत्तरावा भाग.

हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तो माझ्या मावशीसाठी. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. तिनं सामू मोजायच्या कागदी पट्ट्या मागवल्या होत्या आणि रोज सकाळी लघवीत एक बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघत होती. "अरे, रोज साडेपाचच येतं. सगळं आम्ल साठलंय माझ्या अंगात." तीन आठवडे तिनं डाळ सोडली होती, भात सोडला होता, कोशिंबिरीतलं शेंगदाण्याचं कूटही सोडलं होतं. दिवसातून चार वेळा महागाचं अल्कलाईन पाणी चालू होतं. वजन तीन किलोंनी उतरलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण पट्टी खरं तेच सांगत होती आणि मावशी त्याचा नेमका उलटा अर्थ लावत होती.

सामू, म्हणजे पीएच, हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी आहे. माती तपासून आली की कागदावर पहिला आकडा तोच बघतात. साडेआठच्या वर गेला की जमीन चोपण व्हायला लागली असं समजतात. ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञानं तयार केली. ती प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कंपनीची होती, आणि बिअर मुरताना तिच्यातलं आम्ल अचूक कळणं गरजेचं होतं. या पट्टीची गोम अशी, की तिच्यावरचं प्रत्येक पाऊल दहापटीचं आहे. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. पण सहा म्हणजे सातच्या दहापट आम्ल आणि पाच म्हणजे शंभरपट. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. म्हणजे आपलं रक्त जन्मापासून आम्लारीच असतं. एका लिटर रक्तद्रवात सोडियमचे जेवढे आयन असतात, त्याच्या पस्तीस लाखांश एवढेच हायड्रोजन आयन असतात. एवढी विरळ गोष्ट शरीर दिवसरात्र सांभाळत असतं. ६.८ च्या खाली आणि ७.८ च्या वर माणूस सहसा टिकत नाही.

आता या मिठाच्या तुकड्यावर रोज काय कोसळतं ते बघू.

प्रथिनात गंधक असतं. डाळीत, अंड्यात, मासळीत, दुधात, गव्हात, सगळीकडे. मेथिओनिन आणि सिस्टीन ही अमिनो आम्लं शरीरात जळली की त्या गंधकाचं शेवटी गंधकाम्ल होतं. तेच, ज्याच्या बाटलीवर शाळेच्या प्रयोगशाळेत कवटीचं चित्र असायचं. त्यात इतर काही आम्लांची भर पडते. मिश्र आहार घेणाऱ्या माणसात रोज किलोमागे साधारण एक मिलिमोल आम्ल असं तयार होतं, जे श्वासावाटे बाहेर टाकता येत नाही. मोल हे रसायनशास्त्राचं कण मोजायचं माप, जसं केळ्यांना डझन. मिलिमोल त्याचा हजारावा भाग. साठ किलोंच्या माणसाला रोज ६० मिलिमोल. आकडा लहान वाटतो. पण रक्तात एका वेळी असलेल्या मोकळ्या आम्लाशी ताडून बघितला तर तो तीन लाखपट आहे. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांवर वाटला, तर रक्तातल्या सगळ्या मोकळ्या आम्लाएवढं नवं आम्ल जेवणातून दर सेकंदाला तीनदा-साडेतीनदा येऊन पडतं. आणि रक्ताचा सामू हलत नाही.

हे आम्ल तरी पुराच्या मानानं ओहोळच. खरा पूर कार्बन डायऑक्साइडचा. अन्न जळून रोज सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो, वजनात साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे. पाण्यात विरघळला की तोही आम्लच. म्हणजे आपण काय खाल्लं यावरून ठरणाऱ्या आम्लाच्या अडीचशेपट आम्ल आपण नुसतं जगण्यापायी तयार करतो आणि नाकावाटे सोडून देतो. फुप्फुसांचं हे काम किती झटपट चालतं ते उंचीवर दिसतं. २००७ साली एव्हरेस्टवर गेलेल्या डॉक्टरांच्या एका तुकडीनं उतरताना ८,४०० मीटरवर चार गिर्यारोहकांच्या मांडीच्या धमनीतून रक्त घेतलं. विरळ हवेत जोरजोरात श्वास घेऊन त्यांनी इतका कार्बन डायऑक्साइड उडवून लावला होता, की रक्ताचा सामू ७.४५ ते ७.६० निघाला. उलट टोकाला, जीव तोडून ४०० मीटर धावलेल्या धावपटूच्या रक्ताचा सामू सातच्या आसपास उतरतो आणि थोड्या वेळात पूर्ववत होतो. आहाराचं काय? मुद्दाम आम्ल करणारं आणि मुद्दाम आम्लारी करणारं जेवण निरोगी माणसांना आलटून पालटून देऊन बघितलं आहे. रक्तात फरक पडतो तो शतांश-दोन शतांशांचा, तोही ठरलेल्या मर्यादेच्या आतला. मिनिटभर श्वास रोखला तर यापेक्षा जास्त पडेल.

मग ते ६० मिलिमोल जातात कुठे? मावशीच्या पट्टीचा मामला इथे सुरू होतो.

मुठीएवढी दोन मूत्रपिंडं, प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेरची, रोज १८० लिटर द्रव गाळतात. या द्रवात बायकार्बोनेट असतं, लिटरमागे २४ मिलिमोल. तो आपला आम्लाविरुद्धचा मुख्य साठा. रोज गाळल्या जाणाऱ्या बायकार्बोनेटचा खाण्याचा सोडा केला तर ३६० ग्रॅम भरेल. ढोकळ्याला चमचाभर लागतो, त्यावरून कल्पना करा. यातलं जवळजवळ सगळं मूत्रपिंड कणाकणानं परत रक्तात घेतं. ते झाल्यावर जेवणातून आलेलं आम्ल बाहेर टाकायचं, आणि त्यानं खर्च केलेलं बायकार्बोनेट नव्यानं घडवायचं. हे काम थांबलं तर पेशींबाहेरच्या पाण्यातला साठा सहा दिवसही पुरणार नाही.

पण टाकायचं कसं? लघवीचा सामू ४.५ च्या खाली नेता येत नाही. एवढी आम्ल लघवी म्हणजेसुद्धा लिटरमागे ०.०३ मिलिमोल मोकळं आम्ल. त्या वेगानं ६० मिलिमोल काढायचे तर रोज १,९०० लिटर लघवी करावी लागेल. गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळपास दोन टाक्या. शरीरानं यातून जी वाट काढली आहे, ती मला कुठल्याही देवळाच्या कोरीवकामाहून सुंदर वाटते. मूत्रपिंड स्वतः अमोनिया तयार करतं, त्याच्या आणि फॉस्फेटच्या पाठीवर आम्ल बसवतं आणि बाहेर पाठवतं. पाठीवर बसलेलं आम्ल मोकळं नसतं, म्हणून सामूत दिसत नाही. दीड लिटर लघवी आणि सामू साडेपाच असेल, तर मावशीच्या पट्टीला दिसतो तो बाहेर गेलेल्या आम्लाचा बारा-तेरा हजारांतला एक भाग. आणि जेवढा दिसतो तेवढा एवढंच सांगतो, की आम्ल अंगात साठलेलं नाही, बाहेर पडलं आहे. सकाळची लघवी साडेपाच येणं हे कामावरच्या मूत्रपिंडाचं लक्षण आहे.

अन्नानं लघवी बदलते हे मात्र शंभर टक्के खरं, आणि ते कळलं एका गमतीच्या प्रसंगातून. पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार या शरीरशास्त्रज्ञाकडे बाजारातून ससे आणले होते. टेबलावर ठेवलेल्या सशांनी लघवी केली, ती स्वच्छ आणि आम्ल निघाली. गवत खाणाऱ्या प्राण्याची लघवी गढूळ आणि आम्लारी असते; स्वच्छ-आम्ल असते ती मांस खाणाऱ्याची. बेर्नारनं ताडलं, की हे ससे बराच वेळ उपाशी आहेत आणि स्वतःचंच मांस जाळून जगताहेत. गवत दिल्यावर काही तासांत लघवी गढूळ, आम्लारी. पुन्हा उपाशी ठेवल्यावर पुन्हा आम्ल. मग त्यानं सशांना उकडलेलं गोमांस खायला घातलं, आणि लघवी स्वच्छ नि आम्लच राहिली. १८६५ च्या आपल्या ग्रंथात त्यानं हे सविस्तर लिहिलं आहे. तीन आठवडे अर्धपोटी राहिलेल्या मावशीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प होती. डाळ सोडून ती स्वतःच्या अंगावरचं मांस जाळत होती, आणि तेही प्रथिनच.

पुढे अन्न जाळून त्याच्या राखेवरून ते आम्ल करणारं की आम्लारी करणारं, ते ठरवायला लोक लागले. १९१२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या शर्मन आणि गेटलर यांनी तसा तक्ता मांडला. भाजीपाल्याची राख आम्लारी असते, हे आपल्या आज्यांना वेगळं सांगायला नको. चुलीतल्या राखेनं तेलकट भांडी निघायची ती त्यामुळेच. पण राखेत प्रथिनं कितपत पचतात, खनिजं आतड्यातून किती शोषली जातात, हे येत नाही. ती दुरुस्ती १९९५ साली जर्मनीच्या रेमर आणि मान्झ यांनी केली. प्रथिनं आणि फॉस्फरस ही आम्लाची बाजू, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम ही आम्लारीची. वजाबाकी करून शंभर ग्रॅम पदार्थाचा मूत्रपिंडावर किती भार पडतो ते त्यांनी आकड्यात मांडलं. अधिक म्हणजे आम्ल, उणे म्हणजे आम्लारी.

त्या तक्त्यात जिभेचा काही उपयोग नाही. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच, म्हणजे रक्ताच्या लाखपटीहून आम्ल. पण तक्त्यात तो उणे २.५ आहे. कारण सायट्रिक आम्ल शरीरात जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, तो श्वासातून जातो, आणि मागे पोटॅशियमच्या जोडीला बायकार्बोनेट उरतं. टोमॅटो उणे ३.१. केळं उणे ५.५, पालक उणे १४, मनुका उणे २१. दुसरीकडे अजिबात आंबट नसलेली कणीक अधिक ८.२, शेंगदाणे ८.३, कोंबडी ८.७, अंड्याचा पिवळा बलक २३.४, पार्मेजान चीज ३४.२. दूध ०.७, जवळपास समतोल. (आंबट पदार्थाचा आम्लपणा एका जागी मात्र खराच बाधतो, दातांवर. साडेपाचच्या खाली दाताचं एनॅमल विरघळू लागतं. लिंबूपाण्याचे घोट घेत तासभर बसू नये ते यासाठी.)

मावशीच्या नेहमीच्या ताटाचा हिशेब मी त्या तक्त्यावरून मांडला. दोन पोळ्यांची साठ ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम दही, दहा ग्रॅम कूट आणि पन्नास ग्रॅम टोमॅटो: सगळं मिळून अधिक ८.३. त्यात शंभर ग्रॅम पालक आला की ताट उणे ५.७ वर जातं. एका पालेभाजीनं पारडं फिरतं. डाळ सोडून तिनं वाचवला होता जेमतेम एक मिलिमोल. आणि सकाळच्या एका लिंबाच्या वीस-पंचवीस ग्रॅम रसानं मिळवला होता अर्धा, म्हणजे दिवसाच्या आम्लाच्या शंभरातला एक भाग. पालेभाजी उकडून पाणी ओतून दिलं तर पोटॅशियमही त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. माझी आई ते पाणी आमटीत घालायची.

अल्कलाईन पाण्याचा हिशेब मी मुद्दाम कागदावर करून मावशीला पाठवला. जठरातला रस रोज दीड-दोन लिटर पाझरतो. त्याचा सामू एकच्या आसपास असतो, म्हणजे रक्ताच्या पंचवीस लाखपट आम्ल. अशा एका लिटर रसात साधारण १०० मिलिमोल आम्ल असतं. सामू ९ च्या शुद्ध पाण्यात आम्लाला मारणारे आयन लिटरमागे ०.०१ मिलिमोल. भागाकार करा: एक लिटर जठररस शमवायला असं पाणी लागेल दहा हजार लिटर. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात येतो तो अख्खा टँकर. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट असेल तर आकडा बराच खाली येईल; पण ते काम पाच ग्रॅम खाण्याचा सोडा, ६० मिलिमोल, कितीतरी स्वस्तात करतो. अर्थात त्या चमच्यात जवळपास १.४ ग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमची सांगितली आहे, म्हणून तोही रोजचा उपाय नव्हे. शिवाय जठर जेवढं आम्ल आत सोडतं तेवढंच बायकार्बोनेट रक्तात सोडतं, आणि पुढे स्वादुपिंड उलटा व्यवहार करून ते फेडून घेतं. पित्त झालं, जळजळ झाली, तरी तो जठराचा आणि अन्ननलिकेचा प्रश्न असतो. रक्त आम्ल झाल्याची ती खूण नाही.

हाडांची भीती यापेक्षा जुनी आहे. आपल्या सांगाड्यात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं, शरीरातल्या एकूण कॅल्शियमचे नव्व्याण्णव टक्के. आम्ल शमवायला शरीर हे कॅल्शियम काढतं आणि हाडं झिजतात, अशी शंका वाखमन आणि बर्नस्टीन यांनी १९६८ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. शंका वाजवी होती. प्रथिनं वाढवली की लघवीतलं कॅल्शियम वाढतं हे दिसत होतं. रोज ५० मिलिग्रॅम जादा गेलं तर वीस वर्षांत ३६५ ग्रॅम, सांगाड्याचा तिसरा हिस्सा. पण पुढच्या अभ्यासांत दिसलं, की प्रथिनांबरोबर आतडंही कॅल्शियम जास्त शोषतं. २००९ साली फेंटन आणि सहकाऱ्यांनी काटेकोर प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा लघवीत वाढ होती, पण शरीरातल्या कॅल्शियमच्या जमाखर्चात तूट नव्हती. म्हातारपणी प्रथिनं कमी करणं हाडांसाठी उलट वाईट.

कर्करोगाबद्दल मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. आम्लारी आहारानं कर्करोग बरा होतो असं सांगणारे आजही आहेत. २०१६ साली फेंटन आणि हुआंग यांनी याचा पुरावा शोधला. ८,२७८ नोंदी चाळल्या, २५२ निबंधांचे सारांश वाचले. निकषांत बसणारा अभ्यास मिळाला एक, मूत्राशयाच्या कर्करोगाबद्दलचा, आणि त्यात आहाराच्या आम्लभाराशी संबंध आढळला नाही. गाठीच्या आसपास आम्ल जास्त असतं हे खरं, पण ते गाठच तयार करते, आणि जेवणानं रक्त बदलत नाही तर गाठीभोवतालचं काय बदलणार? 'पीएच मिरॅकल' या पुस्तकाच्या लेखकाला, रॉबर्ट यंगला, २०१८ साली सॅन दिएगोच्या ज्युरीनं कर्करोगाच्या एका रुग्ण बाईला साडेदहा कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. ती त्याच्या शब्दावर विसंबून नेहमीच्या उपचारांपासून दूर राहिली होती. कोटींचा आकडा ऐकून लोक थक्क होतात. मला त्या हिशेबात तिचे वाया गेलेले महिने दिसतात.

मग आम्ल-आम्लारी आहाराला अर्थच नाही का? आहे, आणि तो मावशीच्याच घरात, ताटाच्या पलीकडच्या पाटावर बसलेला होता. मावशीच्या यजमानांची, म्हणजे काकांची, मूत्रपिंडं आता तिसऱ्या हिश्शानं काम करतात. प्रत्येक मूत्रपिंडात जन्मतः सुमारे दहा लाख गाळण्या असतात. त्या गेल्या की नव्या येत नाहीत, आणि उरलेल्यांना तेच ६० मिलिमोल वाहावे लागतात. अमोनिया पुरत नाही, आम्ल मागे राहू लागतं, रक्तातलं बायकार्बोनेट उतरतं. २००९ साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा १३४ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात सोड्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं खालावण्याचा वेग मंदावला. २०१३ साली गोराया आणि वेसन यांनी अमेरिकेत मूत्रपिंडविकाराच्या चौथ्या टप्प्यातल्या ७१ रुग्णांपैकी काहींना सोडा, तर काहींना फळं-भाज्या वर्षभर दिल्या. बायकार्बोनेट दोन्हींनी सुधारलं. युरिक आम्लाचे खडे होणाऱ्यांचंही तसंच: लघवी पाचवरून सातवर नेली की युरिक आम्ल दसपटीहून जास्त विरघळतं. पण ज्यांचं मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही त्यांना तीच केळी, तोच पालक हृदयाला घातक ठरू शकतो. गोरायांच्या प्रयोगात पोटॅशियम वाढण्याचा धोका असलेले रुग्ण आधीच वगळले होते. म्हणून हे ताट डॉक्टरांनी रक्त बघून ठरवायचं असतं.

मावशीनं डाळ परत सुरू केली. पट्ट्यांची डबी अर्धी भरलेली तशीच खिडकीत आहे. काकांच्या गोळ्या डॉक्टरांनी ठरवून दिल्या, भाज्यांची यादीही. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो तेव्हा ती चष्मा लावून आधी बायकार्बोनेटची ओळ शोधते. जूनमध्ये २० होतं. सप्टेंबरमध्ये २३ आलं, आणि तिनं मला रात्री साडेदहाला फोन केला.